अनुभव धागा : अगदी स्वस्त बेस गिटार प्रयोगासाठी घ्यावी का?

गेल्या महिन्याभरात ओळखीच्या तीन मुलांनी मला एकच प्रश्न विचारला. आठ-दहा हजारांत मिळणारी नवी बेस गिटार, किंवा त्याच्या निम्म्या किमतीत मिळणारी जुनी, घरी आणून तिच्यावर स्वतःच्या हाताने काम करायचे ठरवले, तर पैसे सत्कारणी लागतील की पाण्यात जातील? एकाला मानेवरचे धातूचे पडदे काढून फ्रेटलेस, म्हणजे बिनपडद्यांची करायची आहे, दुसऱ्याला पिकअप, म्हणजे तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणारे भाग, बदलून पाहायचे आहेत आणि तिसरीला घरच्या घरी चार गाणी ध्वनिमुद्रित करण्यापुरतीच बेस हवी आहे. मी ठाण्यात राहतो आणि वाद्यवृंदात बावीस वर्षे बेस वाजवतो आहे, तरी एकट्याच्या अनुभवावर उत्तर देणे मला योग्य वाटले नाही. ज्यांनी अशी वाद्ये घेतली, उघडली, सुधारली किंवा बिघडवली, त्यांनी किंमत, केलेले काम आणि शेवटी त्या वाद्याचे काय झाले, हे तिन्ही लिहावे अशी विनंती आहे.

सुरुवात माझ्यापासून करतो. पहिली स्वस्त बेस मी 4,000 रुपयांना जुनी घेतली. घेताना रंग पाहिला, बटणे फिरवून पाहिली आणि जे पाहायला हवे होते ते पाहिलेच नाही. बेसच्या चार तारा सुरात लावल्यावर मानेवर सुमारे 75 ते 80 किलोचा ताण येतो आणि तो दिवसरात्र असतो. 1951 मध्ये आलेल्या फेंडर प्रिसिजन बेसपासून 34 इंचांची तारलांबी रूढ झाली आहे, त्यामुळे मान लांब असते आणि लाकूड कच्चे असेल तर ते त्या ताणाला शरण जाते. मानेच्या आतला ट्रस रॉड, म्हणजे फिरवून ताण बदलता येणारी धातूची सळई, पुढे-मागे आलेला बाक काढू शकतो, पिळवटलेली मान मात्र तो सरळ करू शकत नाही. माझ्या वाद्याची मान ई या सर्वांत जाड तारेच्या बाजूने सरळ आणि जी या सर्वांत बारीक तारेच्या बाजूने वाकलेली होती. हे लक्षात येईपर्यंत मी नव्या तारा आणि पॉट (आवाज व टोनच्या बटणांखालचे फिरते भाग) यांवर 2,600 रुपये घालून बसलो होतो. तेव्हापासून माझे मत ठाम आहे : मान सरळ असेल आणि ट्रस रॉड फिरत असेल, तर बाकीचे सगळे बदलता येते. मान पिळलेली असेल, तर ती बेस कोणी फुकट दिली तरी घेऊ नये.

पुणे, यंत्र अभियांत्रिकीचा शिक्षक

मी नवी बेस 9,200 रुपयांना घेतली, ती वाजवण्यापेक्षा सेटअप, म्हणजे तारांची उंची आणि सूर जुळवून घेणे, शिकण्यासाठी, आणि त्या दृष्टीने हा माझा सर्वांत चांगला खर्च ठरला. खोके उघडले तेव्हा ई तार बाराव्या पडद्यावर जवळजवळ 4 मिलिमीटर उंच होती, म्हणजे बोट दाबून दाबून दुखेल इतकी. मी तार पहिल्या पडद्यावर आणि मान धडाला मिळते तिथे दाबून धरली व सातव्या-आठव्या पडद्यापाशी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) सरकवून फट मोजली. ती 0.8 मिलिमीटर भरली, साधारण 0.3 पुरेशी असते. ट्रस रॉड एका वेळी पाव फेराच फिरवला, मान रात्रभर तशीच राहू दिली आणि सकाळी पुन्हा मोजले. तीन दिवसांत फट जागेवर आली. घाई करणाऱ्यांनी रॉडचा नट गोल करून ठेवल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

त्यानंतर धडाच्या टोकाला तारा ज्यांच्यावर टेकतात ती सॅडल खाली घेऊन ई तार अडीच आणि जी तार दोन मिलिमीटरवर आणली. तरीही पहिल्या दोन पडद्यांवरचे सूर चढे वाजत होते. दोष माथ्याजवळच्या नटमध्ये, म्हणजे तारा ज्याच्या खाचांतून जातात त्या पट्टीत होता. त्याच्या खाचा इतक्या उथळ होत्या की तार दाबताना ताणली जाऊन सूर वर जाई. बारीक कानशीने चारही खाचा थोड्या थोड्या खोल केल्या. मग प्रत्येक तारेचा बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर) आणि त्याच पडद्यावर दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहिला. दाबलेला सूर चढा आला की सॅडल मागे घ्यायचे, उतरता आला की पुढे. एवढे झाल्यावर वाद्य सुरात आले. जी तारेच्या सहाव्या पडद्यावर सूर लवकर विझतो, तो दोष मात्र राहिला.

(धागा सुरू करणारा मी पुण्याच्या सरांना एवढेच सांगतो की पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास विझणारा सूर महागड्या बेसमध्येही सापडतो, त्यामुळे त्याचा दोष किमतीला देऊ नये.)

नागपूर, बँकेत नोकरी

मला विरोधी बाजू मांडायची आहे, कारण उत्साहाच्या भरात खर्चाची बेरीज कोणी करत नाही. 7,000 ची बेस मी घरपोच मागवली. मग पिकअप 4,800, ब्रिज (धडावरची तारा अडकवायची पट्टी) 3,200, खुंट्यांचा संच 2,900, तारा 1,900 आणि कारागिराची मजुरी 1,700 असा खर्च वाढत गेला. एकूण 21,500 रुपये झाले. तेवढ्या पैशांत मला पहिल्या दिवसापासून नीट वाजणारे, मध्यम प्रतीचे वाद्य मिळाले असते. विकायला काढली तेव्हा 5,000 च्या वर कोणी बोलेना, कारण घेणारा आतल्या भागांकडे बघत नाही, माथ्यावरच्या नावाकडे बघतो. मूळचे भाग जपून ठेवले असते तर निदान नवे भाग काढून वेगळे विकता आले असते. तेवढा एक धडा माझ्याकडून घ्यावा.

नाशिक, इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती

नागपूरच्या दादांची बेरीज बरोबर आहे, पण त्यांनी महाग भागांपासून सुरुवात केली असे मला वाटते. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या दहा स्वस्त बेसमधल्या सात-आठांचे दुखणे पिकअपमध्ये नसते, ते जोडणीत असते. जॅकची (वायर खोचायच्या भोकाची) पाती सैल असते, सोल्डर थंड, म्हणजे नीट न वितळता लागलेले असते, पॉटमध्ये धूळ बसून खरखर येते. 250 किलोओहमचे दोन-तीन चांगले पॉट, 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि नवा जॅक यांचे काम हजार-अकराशे रुपयांत होते. आतल्या पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थिंगला जोडली की ट्यूबलाइटमुळे येणारी गुणगुणही बरीच कमी होते.

एक गैरसमज वारंवार भेटतो. दोन सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपच्या, जॅझ नावाच्या प्रकारच्या बेसमध्ये एक व्हॉल्यूम कमी केला की गुणगुण वाढते आणि लोक वाद्य बिघडले म्हणून घेऊन येतात. दोन्ही पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात, म्हणून दोन्ही बटणे सारखी उघडी असली तरच गुणगुण एकमेकांना मारते. तो त्या रचनेचा स्वभाव आहे आणि महाग बेसही तशीच वागते. स्वस्त पिकअपमध्ये बहुधा लोखंडी खांब आणि खाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी असते. त्यांचा आवाज थोडा कडक येतो, तरी टोनचे बटण निम्म्यावर आणले की गाण्यात तो छान बसतो. आधी जोडणी सुधारावी, महिनाभर वाजवावी आणि तरीही समाधान झाले नाही तरच पिकअपचा विचार करावा.

डोंबिवली, घरी ध्वनिमुद्रण करणारी

ती तिसरी मुलगी जणू मीच आहे असे वाटले, म्हणून लिहिते. मला चार गाण्यांपुरती बेस हवी होती आणि माझा हात लहान आहे. मी 30 इंची, आखूड मानेची बेस 6,500 रुपयांना जुनी घेतली आणि ॲम्प (आवाज मोठा करणारा स्पीकर) घेतलाच नाही. इंटरफेसमधून, म्हणजे वाद्य संगणकाला जोडणाऱ्या डबीतून, ती थेट संगणकात जोडते आणि हेडफोनवर ऐकते. ई तारेचा मूळ सूर सुमारे 41 हर्ट्झचा असतो, तो लहान स्पीकरवर धड ऐकूच येत नाही, त्यामुळे छोट्या ॲम्पवर तीन-चार हजार घालण्यापेक्षा बरा हेडफोन घेणे मला शहाणपणाचे वाटले. वाद्यावर फक्त नव्या तारांचा खर्च केला. ध्वनिमुद्रण ऐकून कोणालाही किमतीचा अंदाज आलेला नाही. ज्यांचे काम एवढेच आहे, त्यांनी निःशंक घ्यावी.

मिनेसोटा, अमेरिका

इथे हिवाळ्यात घर सतत तापवलेले असते आणि हवा इतकी कोरडी होते की मानेचे लाकूड आकसते. पडद्यांची धातू आकसत नाही, मग त्यांची टोके मानेच्या कडेबाहेर येतात आणि हाताला करवतीसारखी लागतात. स्वस्त बेसमध्ये हे फार दिसते. मी कडेला मास्किंग टेप लावून ती टोके बारीक कानशीने घासली, दीड तास लागला आणि खर्च शून्य. आता खोलीत ह्युमिडिफायर ठेवतो.

मिरज

आमच्या गावात सतार आणि तंबोरा घडवणाऱ्यांची परंपरा पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि मी त्याच वातावरणात वाढलो, म्हणून माझा प्रयोग थोडा निराळा झाला. मला फ्रेटलेस बेसचे वेड होते. रोलिंग स्टोन्सचे बेसवादक बिल वायमन यांनी 1961 मध्ये एका स्वस्त बेसचेच पडदे काढले होते आणि पुढे अमेरिकी बेसवादक जॅको पॅस्टोरियस यांनी आपल्या बेसच्या पडदे काढलेल्या पट्टीवर बोटींसाठी वापरतात तो इपॉक्सी (कडक होणारा राळेचा लेप) चढवला होता, हे वाचून धीर आला. 5,500 रुपयांची जुनी बेस आणली. मान सरळ होती, ते आधी तपासले.

पडदा थेट उपटला तर खाचेच्या कडेचे लाकूड त्याच्याबरोबर उचकटते. म्हणून सोल्डरिंग आयर्नचे टोक प्रत्येक पडद्यावर दोन्ही टोकांपर्यंत फिरवून तो चांगला तापवायचा आणि सपाट तोंडाच्या पकडीने एका कडेपासून हळूहळू उचलायचा. पहिले आठ पडदे सुरेख निघाले. नवव्याला मी घाई केली आणि तांदळाच्या दाण्याएवढी ढलपी उडाली. ती शोधून, सुपर ग्लूचा एक थेंब लावून परत बसवली, आजही बोटाला ती जागा कळते. खाचांमध्ये फिकट रंगाच्या वीनियरच्या (पातळ लाकडाच्या) पट्ट्या चिकटवल्या, त्यामुळे जागा दाखवणाऱ्या रेषा आपोआप मिळाल्या. मग लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून पट्टी एकसारखी केली. पडदे गेल्यामुळे तारा आता फार उंच भासत होत्या, म्हणून नटच्या खाचा पुन्हा खोल कराव्या लागल्या.

आमच्या शेजारच्या सतारीच्या कारागिरांना ती दाखवली. ते गिटार वाजवत नाहीत, पण त्यांनी जी तार छेडून कान लावला आणि म्हणाले, "हिला जवारी थोडी आहे, पण बंद आहे." फ्रेटलेसमधला तो लांबत, पालवत जाणारा सूर तार पट्टीला अगदी अलगद स्पर्श करते तेव्हाच निघतो, आणि सतारीच्या घोडीवरच्या जवारीचे, म्हणजे तार घोडीला अलगद घासून येणाऱ्या गुंजेचे, तत्त्व त्याच्या फार जवळचे आहे, हे मला त्या एका वाक्यात समजले. त्यांनी सांगितल्याप्रमाणे मान आणखी किंचित सरळ केली, आणि सूर उघडला. नव्याने करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी : बोट रेषेच्या मागे नव्हे, नेमके रेषेवर पडले पाहिजे, आणि साध्या लाकडावर राउंडवाउंड (खरबरीत वेढ्यांच्या) तारा लावल्या तर त्या पट्टी खातात, म्हणून मी फ्लॅटवाउंड (गुळगुळीत वेढ्यांच्या) लावल्या. त्या 3,400 रुपयांच्या पडल्या, म्हणजे वाद्याच्या निम्म्याहून जास्त. असा प्रयोग चाळीस हजारांच्या वाद्यावर करायला माझा हात धजावला नसता.

मडगाव, गोवा

मी तियात्राच्या, म्हणजे कोकणी संगीतनाटकाच्या, बँडमध्ये बेस वाजवतो. चांगली बेस घरी असते आणि पावसाळ्यात उघड्या मांडवात न्यायला 8,000 रुपयांची दुसरी ठेवली आहे. इथल्या खाऱ्या, दमट हवेत स्वस्त ब्रिजचे स्क्रू वर्षभरात गंजून घट्ट बसतात, तेव्हा ते पहिल्याच दिवशी काढून त्यांना ग्रीस लावावे आणि जमल्यास स्टेनलेस स्टीलचे बसवावेत. दुसरा त्रास खुंट्यांचा. एका प्रयोगात कांतार (तियात्रातले गाणे) चालू असतानाच ए तारेची खुंटी सरकली आणि सूर उतरत गेला. मी ती तार सोडून सगळे ई तारेवर वाजवून नेले. दुसऱ्या दिवशी पाहिले, तर खुंटीच्या दात्याचा मधला स्क्रू फक्त ढिला झाला होता. तो आवळल्यावर गेली चार वर्षे त्या खुंटीने कुरकूर केलेली नाही, आणि आता प्रत्येक प्रयोगाआधी मी चारही स्क्रू पेचकसाने पाहून घेतो.