कुस्ती सोडून एमएमए: रितू फोगाटच्या वाटेनं पुतणीला जाऊ द्यावं का?

रानवारा

नमस्कार. माझी पुतणी १९ वर्षांची आहे, ५० किलो गटात मॅटवर कुस्ती खेळते. राज्य पातळीवर पदकं आहेत, राष्ट्रीय पदक अजून हुकतंय. गेले काही महिने तिच्या डोक्यात एमएमए (बुक्के, लाथा, कुस्ती सगळं चालणारी मिश्र लढत) बसलंय आणि त्याचं कारण कुस्ती सोडून तिकडे गेलेली रितू फोगाट. रितूच्या सगळ्या लढती तिनं मोबाइलवर पुन्हापुन्हा बघितल्यात. भाऊ म्हणतो, कुस्तीत अजून नाव व्हायचंय आणि ही तोंडावर बुक्के खायला निघाली. वहिनी बोलत काहीच नाहीत, पण त्यांनी धसका घेतलाय हे दिसतं. दोघेही मला विचारतात, कारण मी तालमीत वाढलोय.

कुस्ती मला कळते, एमएमए कळत नाही. रितूनं सुरुवातीच्या लढती ओळीनं जिंकल्या आणि पुढे हरायला लागली, एवढं वाचलंय. एवढी तयारीची पैलवान तिथं हरते कशी? तिचं काय कमी पडलं? दोन्ही खेळ जवळून बघितलेल्यांनी सांगावं.

रविवारची_फाइट

दादा, अडवू नका. एमएमएला कुस्तीइतका भक्कम पाया दुसरा नाही. डॅनियल कॉर्मियर बघा. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये ९६ किलोत चौथा, २००७ ला बाकूच्या जागतिक स्पर्धेत कांस्य. २०१५ मध्ये यूएफसी या एमएमएच्या मोठ्या अमेरिकी संस्थेचा लाइट हेवीवेट विजेता झाला आणि २०१८ मध्ये स्टिपे मिओचिचला पहिल्याच फेरीत झोपवून हेवीवेटचाही पट्टा घेतला. हेन्री सेहुडो तर बीजिंगचा ऑलिम्पिक सुवर्णविजेता, ५५ किलो. त्यानंही यूएफसीचे दोन गट जिंकले. कुस्तीगिराला लढत कुठे व्हायची ते ठरवता येतं. उभ्यानं की जमिनीवर, हे त्याच्या हातात असतं.

माजी_४८किलो

रानवारा दादा, मी ४८ किलोत खेळलेय आणि आता मुलींना कुस्तीबरोबर ग्राउंडचं (जमिनीवर पडून लढायचं) कामही शिकवते. रितूच्या लढती मी मुलींना थांबवून थांबवून दाखवते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तिची कुस्ती. लोक तिला गीता-बबिताची धाकटी बहीण म्हणून मोकळे होतात, ते मला खटकतं. २०१६ मध्ये सिंगापूरला राष्ट्रकुल अजिंक्यपद स्पर्धेत ४८ किलोचं सुवर्ण. २०१७ मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत कांस्य, आणि त्याच वर्षी पोलंडमध्ये २३ वर्षांखालील जागतिक स्पर्धेत रौप्य. पुढच्याच वर्षी जागतिक संघटनेनं वजनगट बदलले. ४८ गेला, महिलांचा सगळ्यात खालचा गट ५० झाला. आणि २०१८ मध्ये भारताकडून ५० मध्ये विनेश उभी होती, रितूची चुलत बहीण. तिनं त्या एकाच वर्षात राष्ट्रकुल आणि आशियाई, दोन्ही सुवर्णं आणली. ४८ च्या मुलीपुढे त्या वेळी कोणती भिंत उभी राहिली हे ज्यांनी तो गट खेळलाय त्यांना विचारा. म्हणून रितूनं कुस्ती "अर्धवट सोडली" असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

२०१९ च्या सुरुवातीला तिनं वन चॅम्पियनशिप या आशियातल्या एमएमए संस्थेशी करार केला आणि सरावासाठी सिंगापूर गाठलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात बीजिंगला पहिली लढत. समोर कोरियाची नाम ही किम. खाली घेतलं, वर बसून बुक्के घातले, पहिल्याच फेरीत पंचांनी लढत थांबवली. २०२० संपेपर्यंत चारही जिंकल्या होत्या. मे २०२१ मध्ये बी न्युएनकडून विभागलेल्या निर्णयानं (पंचांचं एकमत न होता) हरली, पण लगेच सावरली आणि ॲटमवेट या हलक्या गटाच्या ग्रां प्री नावाच्या बाद स्पर्धेत मेंग बो आणि जेनेलिन ओल्सिम यांना गुणांवर हरवून अंतिम फेरीत गेली. पहिल्या लढतीपासून अंतिम फेरीपर्यंत साधारण दोन वर्षं. दादा, हा काळ लक्षात ठेवा.

३ डिसेंबर २०२१, अंतिम लढत, समोर थायलंडची स्टॅम्प फेअरटेक्स. मुआय थाई आणि किकबॉक्सिंग या दोन्हीत वनची विजेती राहिलेली. तिच्याशी उभ्यानं लढायचं नाही, खाली घ्यायचं, हा रितूचा विचार शंभर टक्के बरोबर होता. पण दुसऱ्या फेरीत पाठीवर असलेल्या स्टॅम्पनं खालूनच रितूचा हात धरला, पाय वर टाकले आणि कोपर उलटं ताणलं. रितूला थाप मारावी लागली, म्हणजे हार मानावी लागली.

आता कुस्तीगीर म्हणून विचार करा. आपल्याकडे समोरचीची पाठ मॅटला लागली की कुस्ती संपली. लहानपणापासून तेच अंगात भिनलेलं असतं. ती पाठीवर गेली म्हणजे आपण जिंकत आलो, आता दाबून धरायचं. एमएमएत पाठीवर असलेल्या मुलीचे दोन्ही पाय मोकळे असतात आणि त्या पायांत तुमचा हात, तुमचा गळा अडकू शकतो. आपण जिथं कुस्ती संपवतो तिथं त्यांचा एक अख्खा खेळ सुरू होतो.

दुसरी बाजू याच्या उलट. आपण स्वतः खाली गेलो की काय करतो? पोटावर वळतो. पाठ वाचवायची, मान आखडायची, मॅटला चिकटून राहायचं. घिस्सा, भारंदाज असे उलटवायचे डाव बसू द्यायचे नाहीत, थोडा वेळ निभावला की पंच उभं करतात. एमएमएत कुणी उभं करायला लगेच येत नाही आणि पोटावर वळलात की पाठीवर बसलेलीला गळा मिळतो. सप्टेंबर २०२२ मध्ये टिफनी टेओनं रितूला पहिल्याच फेरीत मागून गळा आवळून हरवलं. त्यानंतर रितू आई झाली, मोठा खंड पडला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कतारला ती परतली तेव्हा समोर जपानची आयाका मिउरा होती. ही मूळची ज्युदोची. मान कवेत घेऊन बाजूला बसते आणि समोरचीचा हात पायात अडकवून पिळते, याच डावासाठी ती ओळखली जाते. रितू पुन्हा पहिल्या फेरीत अडकली. तोवरचा हिशेब सात विजय, चार पराभव. चारांतले तीन जमिनीवर झाले. जमीन म्हणजे कुस्तीगिराचं घर, आणि तिथंच. मला हे बघताना फार वाईट वाटतं, कारण तिचा पट (पाय धरून खाली घेण्याचा डाव) आजही डोळ्यांचं पारणं फेडतो.

तर "तिचं काय कमी पडलं" याचं माझं उत्तर: वेळ. रविवारच्या मित्रांनी सांगितलेली नावं खरी आहेत, पण मधली वर्षं त्यांनी गाळली. सेहुडोचं सुवर्ण २००८ चं. एमएमएतली पहिली लढत २०१३ ला. २०१६ मध्ये डिमेट्रियस जॉन्सननं त्याला पहिल्याच फेरीत पोटात गुडघे घालून संपवलं, आणि २०१८ मध्ये त्यानं त्याच जॉन्सनकडून पट्टा घेतला, तोही विभागलेल्या निर्णयावर. कॉर्मियर २००९ ला उतरला आणि यूएफसीचा पट्टा २०१५ ला मिळाला. ऑलिम्पिक दर्जाच्या पुरुषांना पाच-सहा वर्षं लागली. रितूला दोन वर्षांत ग्रां प्रीच्या अंतिम फेरीत उभं केलं गेलं.

शिवाय गुण देण्याची पद्धत वेगळी. कुस्तीत पट काढून मागे गेलात की दोन गुण फळ्यावर लागले, कुणी काढून घेत नाही. वनमध्ये पंच पूर्ण लढत एकत्र तोलतात. नॉकआउटच्या किंवा थाप मारायला लावण्याच्या किती जवळ गेलात हे आधी बघतात, मग इजा किती केली ते. खाली घेणं त्या यादीत बरंच खाली येतं. खाली घेऊन नुसतं धरून ठेवणारीला तिथं फारसं काही मिळत नाही.

बाकी उभं राहणंही बदलावं लागतं. आपण डोकं पुढे आणि खाली ठेवून खडाखडी करतो, बहुतेकींचा उजवा पाय पुढे. तिथं पुढे आलेल्या डोक्याला गुडघा आणि पुढच्या पायाला लाथ. वनमध्ये तर खाली असलेलीच्या डोक्यात गुडघा मारायलाही परवानगी आहे. म्हणजे पट फसला आणि हात-गुडघ्यांवर राहिलात तर काय होईल ते समजा.

रानवारा

ताई, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. पोटावर वळण्याचं वाचून अंगावर काटा आला, कारण तेच तर आम्ही पोरींना ओरडून शिकवतो. एक विचारू का? वजनाचं काय? पुतणी ५० साठी दर स्पर्धेआधी पाणी तोडते. वहिनींची खरी भीती तीच आहे. एमएमएत हे वाढतं की कमी होतं?

माजी_४८किलो

वहिनींची भीती योग्य आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचा कर्णधार असलेला कॉर्मियर वजन उतरवताना मूत्रपिंडं बंद पडून एकही कुस्ती न खेळता घरी गेला. विनेशचे १०० ग्रॅम तर आपण सगळ्यांनी २०२४ मध्ये भोगले.

एमएमएत संस्थेप्रमाणे फरक पडतो. डिसेंबर २०१५ मध्ये वनचा चिनी खेळाडू यांग जियान बिंग वजन उतरवताना वारला. त्यानंतर वननं पाणी तोडून वजन करण्यावर बंदी आणली. वजनाबरोबर लघवीची तपासणी होते आणि अंगात पुरेसं पाणी नसेल तर वजन धरत नाहीत. त्यांचा महिलांचा ॲटमवेट ५२.२ किलो, तो असा भरल्या अंगानं मोजलेला. ४८ ची रितू तिथं बसली ती यामुळे.

यूएफसीत महिलांचा सगळ्यात हलका गट स्ट्रॉवेट, तोही ५२.२ च. पण तिथं पाणी तोडून येतात, त्यामुळे लढतीच्या रात्री समोर बरीच जड बाई उभी असते. पुतणीचं रोजचं वजन किती आहे? ते ५३-५४ असेल तर तिच्यासाठी दोन संस्थांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

रविवारची_फाइट

ताईंचं वर्षांबद्दलचं म्हणणं मान्य. एक भर घालतो. जून २०२४ मध्ये यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय बाई पूजा तोमर, तीही स्ट्रॉवेटमध्ये, मूळची वुशू या चिनी लढाऊ खेळातली. पुतणीला तिच्याही लढती बघायला सांगा. तिच्यासारखी लाथा मारणारी समोर आली तर अंतर कसं कापायचं, हे कुस्तीगिरानं शिकण्यासारखं आहे.

रानवारा

पुतणीला सगळं वाचून दाखवलं. रोजचं वजन ५४ च्या आसपास आहे. भाऊही शेजारी बसून ऐकत होता, पहिल्यांदाच. पुतणीचा प्रश्न जसाच्या तसा लिहितो: "कुस्तीसाठी पोटावर वळायचं आणि तिकडे वळायचं नाही, मग ऐन वेळी दोन्हीकडे घोळ होणार नाही का?"

माजी_४८किलो

तिला सांगा, प्रश्न अगदी नेमका विचारलास. घोळ सुरुवातीला होतो. माझ्या मुलींचाही होतो. म्हणून दोन्ही एका दिवशी ठेवत नाही. ग्राउंडच्या दिवशी सुरुवातच पाठीवर झोपून करायची, समोरची पायांमध्ये, आणि पोटावर वळली की तो डाव गेला असं धरायचं. कुस्तीच्या स्पर्धेआधी तीन आठवडे ग्राउंड पूर्ण बंद.

कुस्ती सोडायची आत्ता गरजच नाही. राष्ट्रीय पदकाची तयारी चालू ठेवा आणि शेजारी जिऊ-जित्सू (जमिनीवर गळा-सांधे अडकवायची कला) सुरू करा. ग्रॅपलिंग हा प्रकार जागतिक कुस्ती संघटनेच्याच छत्राखाली आहे, त्यात बुक्के-लाथा नाहीत. आधी तिथं खेळू दे. तिला थाप न मारता सुटता येतंय, खालून कुणाला तरी थाप मारायला लावता येतंय, हे दिसलं की मग हातमोजे घालायचा विषय. तोवर डोक्यावर मार खाणारा सराव कुणी करून घेत असेल तर त्या जिमला पाठवू नका. आणि पहिली लढत हौशी गटातलीच. व्यावसायिक करार घेऊन कुणी लवकर दारात आलं तर भावाला म्हणावं, आधी मला तो कागद दाखवा.