चर्चा: शेततळी वाढली, तरी विहिरी का आटतात?

भूजलवेध (चर्चाप्रस्ताव)

2016 मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली, तेव्हा तिचा हेतू स्वच्छ होता. शिवारातून वाहून जाणारे पाणी अडवायचे आणि पावसाने ओढ दिली की ते पिकाला द्यायचे. प्रत्यक्षात द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात अनेक तळ्यांना प्लास्टिकचे अस्तर लागले आणि ती विहिरी-बोअरच्या उपशाने भरली जाऊ लागली. खडकात, उन्हापासून सुरक्षित असलेले सामाईक पाणी असे वर येऊन एकाच्या मालकीचे होते आणि वर उघडेही पडते. तीस मीटर लांब आणि तितक्याच रुंद तळ्यावरून एप्रिल-मे महिन्यांत दिवसाला दहा मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर रोज 9,000 लिटर पाणी हवेत जाते.

यात कोणी चुकीचे वागत आहे, असे मला वाटत नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. पाण्याची शाश्वती वाटली की शेतकरी फळबाग लावतो, बागेसाठी कर्ज काढतो आणि मग दुष्काळात बाजरीसारखे एखादे वर्ष सोडून देण्याची मोकळीक त्याला उरत नाही. झाडे जगवण्यासाठी तो आणखी खोल बोअर घेतो, शेजाऱ्याची विहीर आटते आणि शेजारीही तळ्यासाठी अर्ज करतो. कृषी खाते तळी मोजते, जलसंधारण खाते बंधारे मोजते, वीज कंपनी जोडण्या मोजते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी नियमित नोंदवते, पण ती घसरली म्हणून इतर खात्यांचे अनुदान क्वचितच थांबते. प्रत्येक खात्याचे उद्दिष्ट पूर्ण होते आणि तरी गावाचे पाणी कमी होते. माझे मत असे की, सुट्या योजनांचे मूल्यमापन थांबवून पाणलोट, म्हणजे ज्याचे पाणी एकाच ओढ्याला मिळते ते क्षेत्र, हे एकक धरावे आणि तिथल्या भूजलाचा ताळेबंद पाहूनच प्रत्येक खात्याचे अनुदान मंजूर व्हावे.

माणदेशी बागायतदार

मी या मताशी असहमत आहे. आमच्याकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा. शेततळे नसते, तर माझी डाळिंबाची बाग एका उन्हाळ्यात सरपण झाली असती. संपूर्ण व्यवस्था समजून घेऊन शासन निर्णय करीपर्यंत झाड थांबत नाही. शिवाय, समग्र विचाराची सुरुवात नेहमी कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधावरच का होते? राज्याच्या लागवडीखालील क्षेत्रात उसाचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के, आणि सिंचनाच्या पाण्यापैकी निम्म्याहून अधिक तो घेतो. ठिबकवर थेंब मोजून बाग जगवणाऱ्याला आधी हिशेब मागणे मला अन्यायाचे वाटते.

भूजलवेध

उसाबद्दलचा आपला आक्षेप पूर्ण मान्य आहे, आणि तो माझेच म्हणणे पुढे नेतो. उसाला एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेला किमान रास्त दर, ठरलेली आहे आणि 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार 14 दिवसांत पैसे देण्याचे बंधन कारखान्यावर आहे. ज्वारी, तूर किंवा डाळिंब घेणाऱ्याला खरेदीदाराची अशी शाश्वती नाही. तेव्हा शेतकऱ्याला उसाचा लोभ सोडण्याचा उपदेश निरुपयोगी आहे. किंमतधोरण बदलल्याशिवाय पाणीधोरण बदलणार नाही.

निवृत्त अभियंता

तीस वर्षे शासकीय सेवेत काढल्यामुळे या प्रस्तावाची मला काळजी वाटते. शेततळे खोदले की नाही, हे जागेवर जाऊन तपासता येते. भूजलपातळी मात्र पावसावरही अवलंबून असते. चांगल्या पावसाळ्यात निष्क्रिय अधिकाऱ्याला श्रेय मिळेल आणि दुष्काळात प्रामाणिक अधिकारी दोषी ठरेल. प्रश्नाचे तुकडे करणे हे अज्ञानाचे लक्षण नसून उत्तरदायित्वाची पहिली अट आहे. 1977 च्या कायद्यातील रोजगार हमी लोकांच्या उपयोगी पडली, कारण तिथे एकच प्रश्न विचारता येत होता: काम मागितले, ते मिळाले का? पाच खात्यांना एकत्रित जबाबदारी द्या, आणि प्रत्येक जण उरलेल्या चौघांकडे बोट दाखवील.

नायगावची वाट

अभियंतासाहेब, समग्र विचारातूनही साधा, तपासता येणारा नियम निघू शकतो. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावातून पाणी पंचायतीची चळवळ उभी केली. तिथे पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे, तर माणसांवर ठरला. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते, भूमिहीनांनाही वाटा आणि उसाला बंदी. हिवरे बाजारनेही पावसाच्या हिशेबावर पिके ठरवली आणि शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी केली. बंधारे तर त्याआधी आणि त्यानंतर असंख्य गावांनी बांधले. वापराचे नियम मात्र फार थोड्यांनी केले. माझ्या मते खरा फरक तिथेच पडला.

तरीही ही गावे अपवादच राहिली, याचे दुःख वाटते. एकीकडे 2009 चा भूजल कायदा शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरीस मनाई करतो आणि दुसरीकडे 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. अशा स्थितीत गावाने स्वेच्छेने संयम पाळावा, ही अपेक्षा फार मोठी आहे.

भूजलवेध

उत्तरदायित्वाचा मुद्दा रास्त आहे. म्हणून अधिकाऱ्याला पातळीसाठी जबाबदार धरू नये. ताळेबंद दरवर्षी पावसाळ्यानंतर ग्रामसभेपुढे मांडला का आणि तुटीच्या पाणलोटात नवे अनुदान दिले का, एवढेच दोन प्रश्न विचारावेत. दोन्ही कागदपत्रांवरून तपासता येतात.

माणदेशी बागायतदार

तुटीच्या पाणलोटात अनुदान थांबले, तर ज्याने आधीच तीन बोअर घेतले आहेत तो सुरक्षित राहील आणि ज्याने आजवर एकही घेतला नाही तो कायमचा बाहेर पडेल. हा दोष दूर करायचा असेल, तर जुन्या उपशावरही मर्यादा हवी. ती आली, तर पहिले मीटर माझ्या विहिरीवर बसवा, माझी तयारी आहे. पण त्याच हंगामापासून कालव्यावरच्या उसालाही घनमीटरने मोजूनच पाणी दिले पाहिजे.