फौजीच्या बायकोला पेन्शन किती, हे मृत्यूच्या कारणावरून का ठरावं?

सातारची_सून:
आमच्याकडे अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, घरटी एक फौजी, त्यामुळे हे जवळून बघितलंय. युद्धात नाहीतर अतिरेक्यांशी लढताना गेला तर बायकोला लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन, म्हणजे शेवटच्या पगाराएवढी, वर इन्कम टॅक्स माफ, जो खरं तर बाकीच्यांनाही हवा. ड्यूटीमुळे अपघात, आजार होऊन गेला तर स्पेशल, पगाराच्या 60 टक्के. आणि फायलीवर ‘सेवेशी संबंध नाही’ असा शेरा पडला की ऑर्डिनरी, 10 वर्षं 50 टक्के, मग 30. पगार 50 हजार धरा, एकीला 50, दुसरीला 30, तिसरीला शेवटी 15. नवरे तर तिघींचेही नोकरीत असतानाच गेले ना?

माजी_सुभेदार:
ताई राग मानू नका पण फरक पाहिजेच. गोळी खाऊन गेलेला आणि पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या छावणीत, झोपेत गेलेला सारखाच धरला तर लिबरलाइज्डला अर्थ काय राहिला? पेन्शनचं बिल आधीच केवढं झालंय बघा.

सातारची_सून:
पहिल्या दोघींत ठेवा की फरक, मी तिसरीचं बोलतेय. हार्ट अटॅक पीस स्टेशनला आला म्हणून संबंध नाही, मग त्याआधी सीमेवर, फील्डला काढलेली वर्षं कुठं गेली? आणि तो शेरा पुसायला तिनंच मुंबईच्या आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलला, म्हणजे फौजींच्या कोर्टात, चकरा मारायच्या, कडेवर पोर घेऊन.

हिशोबी_पुणेकर:
टॅक्सचा मुद्दा उगाच फुगवलाय. नव्या टॅक्स रिजीममध्ये वर्षाला 12 लाखापर्यंत टॅक्स शून्य, शिवाय फॅमिली पेन्शनमधून एक तृतीयांश किंवा 25 हजार, जे कमी ते वजा. जवानाच्या बायकोला टॅक्स बसतोच कुठं? सरसकट माफी दिली तर फायदा मोठ्या अधिकाऱ्यांच्या घरांना.

सातारची_सून:
बसतच नसेल तर माफ करायला सरकारच्या खिशाला काय भोक पडतंय? आणि बाई स्वतः बँकेत वगैरे नोकरीला असेल तर पेन्शन पगारात मिळवूनच टॅक्स लागतो, तिनं नोकरी करू नये का?

विदर्भाचा_पोट्टा:
भाऊ, चार वर्षांसाठी भरती होणाऱ्या अग्निवीराले तर ह्या तीनपैकी एकही पेन्शन नाही. आमच्या बुलढाण्याचा अग्निवीर पोरगा 2023 मध्ये सियाचिनला ड्यूटीवर वारला. नियमानं विमा 48 लाख, एक्स ग्रेशिया म्हणजे सरकारी मदत 44 लाख, राहिलेल्या सेवेचा पगार, सेवा निधी वगैरे, पण पेन्शन नाही. सुभेदार साहेब, सियाचिन तुमच्या हिशोबानं पीस स्टेशन आहे काय?

माजी_सुभेदार:
नाही रे बाबा, तिथं मी तुझ्या बाजूनं. तरी एकरकमी कोटभर हातात पडतात, तेही बघ.

विदर्भाचा_पोट्टा:
कोटभर पडतात आन् भावकी दारात बसते. पेन्शनले महागाई भत्ता लागते, ते दरसाल वाढते, हे रक्कम वाढते काय?

हिशोबी_पुणेकर:
एफडी केली की व्याज येतंच की.

विदर्भाचा_पोट्टा:
आन् ते व्याज टॅक्सच्या हिशोबात धरते, हिशोबी.

कोल्हापुरी_बाणा:
सगळे बायकोचंच बोलायलाय. लग्न झालेल्या जवानाची पेन्शन बायकोच्या नावावर, म्हाताऱ्या आईला त्यातलं काय मिळतं ते पण सांगा की.