वस्तीवरच्या शाळेला १० हजार, मग स्मार्ट टीव्ही आणायचा कुठून?

माढ्याचा मास्तर: सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतून शाळेला वर्षाला मिळणारं अनुदान पटावर ठरतं. ३० पर्यंत पट असेल तर १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार. त्यातले दहा टक्के स्वच्छतेला. उरलेल्यात खडू, दुरुस्ती, लाइट बिल. मोठ्या गावात लोकवर्गणीतून प्रोजेक्टर येतो, आमच्या वस्तीवर वर्गणी मागायची कोणाला? निम्मे पालक ऊसतोडीला गेलेले.

चादरवाला: सर, हिशोब उलटा लागतोय. २५ पोरांना १० हजार म्हणजे डोई ४०० रुपये. २०० पोरांना ५० हजार म्हणजे २५०. जास्त तर तुम्हालाच मिळतंय की वो!

माढ्याचा मास्तर: दुकानदार डोई हिशोबानं टीव्ही देतो का? २५ पोरांना लागतो तोच २०० पोरांना लागतो, किंमत एकच.

कुर्डुवाडीकर: तुमच्याच माढा तालुक्यात परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी झेडपीच्या शाळेत राहून पुस्तकात क्यूआर कोड आणले. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ काय अनुदानावर मिळाला? करणारा करतोच.

पूर्वभागातली ताई: दादा, कोड पुस्तकात छापलाय, स्कॅन करायला मोबाइल कोणाचा? सोलापुरात आमच्या गल्लीत आई विड्या वळते, मोबाइल बापाच्या खिशात, बाप कारखान्यावर. आणि एका गुरुजींच्या कर्तबगारीवर सगळ्या जिल्ह्याचं बजेट ठरवायचं असेल तर शिक्षण विभाग हवाच कशाला?

कुर्डुवाडीकर: बरं, मोबाइलचं पटलं. पण फुकट आलेले टीव्ही कपाटात पडलेलेही बघितलेत. बिल थकलं की मीटर काढून नेतात. आधी वीज द्या, मग टीव्ही.

अक्कलकोटकर: मीटर असला तरी आमच्याकडे कन्नड माध्यम. चांगले व्हिडिओ बघावेत तर बहुतेक मराठीत नाहीतर इंग्रजीत. ह्याचं अनुदान कुठल्या पटावर बसतं बे?

चादरवाला: मग १० पोरांच्या शाळा शेजारच्या गावच्या शाळेत घाला ना. एकच चांगली शाळा, सगळं साहित्य तिथं.

पूर्वभागातली ताई: आणि सहा वर्षांच्या पोरीला पावसाळ्यात ओढा कोण पार करून देणार? तुम्ही?

माढ्याचा मास्तर: टीव्ही चैनीसाठी मागत नाही हो. पट ६० पर्यंत असेल तर आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शिक्षक दोन आणि वर्ग चार. मी चौथीला भागाकार शिकवतो तेव्हा तिसरीनं काय करायचं? त्या अर्ध्या तासासाठी मला टीव्ही पाहिजे. मोठ्या शाळेत वर्गाला शिक्षक असतो, तरी टीव्ही आधी तिथंच बसतो.

चादरवाला: त्यापेक्षा तिसरा शिक्षक मागा की.