'व्हॅल्यू फॉर मनी'ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादक : ब्रिटनच्या परकीय मदतीवरील लेख मराठीत आणताना 'व्हॅल्यू फॉर मनी'पाशी अडलो आहे. मी 'परिणामकारकता' लिहिले होते, पण तपासणाऱ्यांनी ते खोडून 'काटकसर' केले. मूळ लेखाचा प्रश्न मात्र खर्चलेल्या पैशातून पुरेसे काही साधले का, असा आहे.

लेखापाल : दोन्ही शब्द अपुरे आहेत. लेखापरीक्षणात काटकसर, कार्यक्षमता आणि परिणामकारकता या तीन वेगळ्या कसोट्या आहेत. लस रास्त दरात घेणे ही काटकसर, ती वाया न घालवता पोहोचवणे ही कार्यक्षमता आणि त्यामुळे रोग हटणे ही परिणामकारकता. 'व्हॅल्यू फॉर मनी' म्हणजे या तिन्हींचा एकत्रित हिशेब. मी 'खर्चाचे चीज' म्हणेन.

संस्कृतप्रेमी : 'चीज' फारसी, 'मदत' अरबी. 'साहाय्य' हा आपला शब्द असताना ही उसनवारी कशाला? (आणि तो 'सहाय्य' असा लिहू नये, 'सहाय' म्हणजे मदतनीस.)

लेखापाल : मग 'खर्च'ही सोडावा लागेल, आणि 'साहाय्यव्ययसार्थकता' कोणी वाचणार नाही.

जुना वाचक : माझा आक्षेप वेगळा आहे. चीज होते किंवा होत नाही. ते मोजता येत नाही. मलेशियातील पर्गाऊ धरणाला ब्रिटनने 23.4 कोटी पौंडांची मदत देऊ केली, तेव्हा मदत खात्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने नेमक्या याच कसोटीवर लेखी हरकत नोंदवली होती आणि 1994मध्ये न्यायालयाने ती मदत बेकायदा ठरवली. तरीही धरण उभे राहिले, वीज मिळाली, ब्रिटिश कंपन्यांना काम मिळाले. आता चीज झाले म्हणायचे की नाही? 'खर्चाच्या मानाने लाभ' हे लांबट असले तरी त्यात तुलना आहे.

अनुवादक : ते पटते. पण आता मला 'परकीय मदत'च खटकू लागली आहे, कारण मराठी वाचकाला ती बाहेरून आपल्याकडे आलेली मदत वाटते. 'परदेशांना मदत' करू का?

लेखापाल : तेही फसेल. 2022मध्ये ब्रिटनच्या 12.8 अब्ज पौंडांच्या मदतीपैकी सुमारे 3.7 अब्ज पौंड ब्रिटनमध्येच, निर्वासितांच्या निवासावर आणि इतर गरजांवर खर्च झाले. मोजणीच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पहिल्या वर्षाचा असा खर्च मदतीतच धरला जातो. जो पैसा देशाबाहेर गेलाच नाही, त्याला 'परदेशांना' कसे म्हणणार?

संस्कृतप्रेमी : म्हणूनच 'विकाससाहाय्य' म्हणा.

जुना वाचक : निवासाच्या बिलात विकास कुठला?