शब्दचर्चा : 'एम्ये मेनेलिक' मधलं एम्ये म्हणजे काय?

इथिओपियाचा सम्राट दुसरा मेनेलिक, त्याच्याबद्दल वाचतेय सध्या. कधी नेगुस, कधी नेगुसा नगस्त, कधी आत्से आणि मधेच 'एम्ये मेनेलिक' असं येतं. मराठीत राजा, सम्राट, बादशहा यातलं कुठे काय बसवायचं? आणि एम्ये ही पण पदवीच आहे का? कुणी जाणकार असाल तर नीट सांगा.

प्रतिसाद १

नेगुस म्हणजे राजा. नेगुसा नगस्त म्हणजे राजांचा राजा, आपला राजाधिराज अगदी फिट बसतो, कारण त्याच्या हाताखाली खरोखरच राजे असायचे. मेनेलिक स्वतः आधी शेवा या प्रांताचा नेगुस होता, चौथा योहान्नेस सम्राट असताना, आणि १८८९ मध्ये योहान्नेस मेतेम्माच्या लढाईत मारला गेल्यावर हा सम्राट झाला. १८९६ ला इटलीविरुद्धच्या अडवाच्या लढाईत गोज्जाम प्रांताचा नेगुस तेकले हायमानोत मेनेलिकच्याच बाजूने उभा होता. आत्से नावाआधी लागतं, आपण सम्राट अमुक म्हणतो तसं. राणी तायतूला इतेगे म्हणतात, म्हणजे सम्राज्ञी, आणि ती नुसती नावापुरती नव्हती, अडवाला स्वतःची फौज घेऊन गेली होती.

बादशहा नको. ख्रिस्ती राजघराणं आहे, बादशहा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर दिल्ली येते.

प्रतिसाद २

एम्ये ही पदवी नाही हो, अम्हारिकमध्ये, म्हणजे तिथल्या राजभाषेत, लाडाने आईला म्हणतात तसं आहे ते. पुरुषाला, तेही राजाला, आई म्हणतात याचं मराठी माणसाला नवल वाटायला नको, आपण ज्ञानोबांना माऊली म्हणतोच की! भाषांतर करायचंच तर 'मेनेलिक माऊली' करा, मला तरी याहून चांगलं सुचत नाही.

आणि लोकांना तसं का वाटलं तेही बघा, इटलीने १८८९ च्या वुचाले करारात कलम १७ असं लिहिलं की अम्हारिक प्रतीत 'दुसऱ्या देशांशी बोलताना इटलीची मदत घेता येईल' आणि इटालियन प्रतीत मात्र ती घेणं बंधनकारक, म्हणजे अख्खा देश इटलीच्या ओंजळीने पाणी पिणार. एका क्रियापदावर देश जात होता. मेनेलिकने १८९३ मध्ये करार झुगारला, १ मार्च १८९६ ला अडवाला इटलीच्या फौजेला हरवलं आणि त्याच वर्षी अदिस अबाबाच्या तहात इटलीला वुचाले रद्द करावा लागला. शिवाय जिबूतीहून रेल्वे आणायचं त्याने सुरू केलं (राजधानीत गाडी पोचली १९१७ ला, तो १९१३ मध्येच गेला), टपाल तिकिटं, स्वतःची नाणी, १९०५ ला बँक, १९०८ ला नव्या पद्धतीची शाळा, १९०७ ला मंत्रिमंडळ, हे सगळं त्याच्याच काळातलं.

प्रतिसाद ३

माऊली छान आहे पण सगळ्यांच्या तोंडी घालू नका प्लीज. दक्षिणेकडे त्याच्या सैन्याने जे केलं, आर्सीच्या ओरोमो लोकांशी १८८० च्या दशकात झालेल्या लढाया, १८९७ ला काफाचं राज्य संपवलं, माणसं गुलाम झाली, जमिनी गेल्या, त्या घरांत एम्ये म्हणत नाहीत. अनोले इथे तोडलेल्या हातांचं आणि स्तनांचं स्मारक उभं आहे. अदिस अबाबा म्हणजे 'नवं फूल', हे नाव तायतूचं, पण ओरोमो लोक त्याच जागेला फिनफिने म्हणतात. त्यामुळे लिहिताना 'अम्हारा भागात त्याला लाडाने एम्ये म्हणतात' असं कोण म्हणतं ते सांगूनच लिहावं, आणि स्वतःच्या वाक्यात सरळ 'सम्राट मेनेलिक' ठेवावं.

मूळ प्रश्नकर्ती

तिघांचेही खूप आभार! मग पहिल्या उल्लेखाला 'सम्राट (नेगुसा नगस्त) दुसरा मेनेलिक' आणि १८८९ च्या आधीच्या भागात 'शेवाचा राजा मेनेलिक' असं करते. रास मकोन्नेन मधलं रास काय मग? करारासाठी इटलीला तेच गेले होते ना.

प्रतिसाद १

हो, तेच, नंतरचे सम्राट हाइले सलासी यांचे वडील. रास म्हणजे मूळ अर्थ डोकं, नेगुसच्या खालचा मोठा सरदार. अरबीतून आपल्याकडे आलेला रईस त्याच कुळातला. मराठीत रासच ठेवा, सरदार म्हटलं तर वजन कमी होतं.