ग्रास कटरचं इंजिन मॉडेल विमानाला: बसवावं का?

गवत्या: दांडा वाकलेला ४३ सीसीचा ब्रश कटर अडगळीत पडला होता, इंजिन मात्र ठणठणीत. क्लच, दोरीचा स्टार्टर, प्लॅस्टिकची कव्हरं उतरवली. क्लचच्या जागी लेथवर ॲल्युमिनियमचा हब करून घेतला आणि २० इंची लाकडी पंखा चढवला. ठिणगीची कॉइल आणि फ्लायव्हील (इंजिनावरचं जड चाक) यांच्यामधली फट व्हिजिटिंग कार्ड घालून लावली. तिसऱ्या झटक्याला सुरू! ग्लो इंजिनासाठी (मॉडेल विमानांचं छोटं इंजिन) मिथेनॉल-नायट्रोचं इंधन शोधत कोण हिंडणार? पंपावरचं पेट्रोल, लिटरला ४० मिली टू-टी ऑइल, विषय संपला.

नाकजड: संपला कुठे, आत्ता तर सुरू झाला. ते फ्लायव्हील एकदा हातात धरून बघा. ठिणगीही तेच पाडतं, गार हवाही तेच फेकतं, म्हणून जड. एवढं वजन नाकावर, मग तोल साधायला शेपटीत शिसं भरा. वर थरथर. मी हा उद्योग केलाय. एका हंगामात सर्व्होचे (विमानाच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरींचे) गिअर खिळखिळे, इंजिन माउंटचे स्क्रू दर रविवारी आवळायचे.

गवत्या: फ्लायव्हीलच्या पात्या छाटता येतात की. हवा समोरचा पंखा देतोच. आणि डायफ्रामचं कार्बोरेटर विसरलात. कटर कसाही तिरका धरला तरी चालावा म्हणूनच ते असतं. विमान उलटं केलं तरी इंजिन खोकत नाही.

टर्नरभाऊ: भांडण वजनावरून चाललंय, पण खरी गोम हबमध्ये आहे. माझ्याकडे असे हब करायला येतात, आणि निम्मे लोक म्हणतात, "अंदाजे भोक पाड." अहो, हबचा टेपर (भोकाचा निमुळता उतार) शाफ्टच्या टेपरला तंतोतंत बसला पाहिजे. पंखा थोडा जरी डुलला तरी थरथर दुप्पट. नाकजडसाहेब, तुमचे स्क्रू त्यामुळेच तर सैल होत नव्हते ना?

नाकजड: पंखा डुलतो का, ते डायल गेज लावून तपासलं नव्हतं, हे कबूल. पण ठिणगीचं टायमिंग ठरलेलं असतं, हळू फिरवलं तरी ठिणगी लवकरच पडते आणि पंखा उलटा झटका देतो, त्याचं काय? हाताने फिरवताना पंखा उलटा आला आणि बोटाला दोन टाके पडले.

गवत्या: बोटाने फिरवलात? जाड हातमोजा नाहीतर दांडकं! आणि इंजिन बंद करायचं बटण रिमोटवर घेतलं होतं की नाही?

नाकजड: ...नव्हतं.